फलटणची प्रगत शिक्षण संस्था : बोलीपासून पुस्तकापर्यंत

फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेचा इतिहास परभणीच्या स्मरणिकेत कशासाठी, असं संपादक मंडळाच्या बैठकीत विचारलं गेलं. विचारणं रास्तच होतं. फलटण सातारा जिल्ह्यात, नीरेच्या खोऱ्यात; आपण गोदावरीकाठचे. पण या संस्थेच्या कहाणीचा पहिला धागा हैदराबादेत आहे, आणि तो आपल्या जुन्या जिल्ह्यापर्यंत येऊन पोचतो. शिवाय भाषेपाशी अडलेल्या मुलांसाठी देशोदेशीच्या अभ्यासकांना आणि वर्गातल्या शिक्षकांना एकत्र येऊन काय करता येतं, याचा मराठीतला इतका जुना आणि इतका चिवट प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

निजामाच्या राज्यात कारभाराची आणि वरच्या वर्गांची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघालं तेही उर्दू माध्यमाचं. अशा काळात, 1907 साली, हैदराबादच्या मराठी मंडळींनी विवेक वर्धिनी ही शाळा सुरू केली. ती उभी करणाऱ्यांत केशवराव कोरटकर होते, आणि केशवराव मूळचे वसमत तालुक्यातल्या पुरजळचे. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर वसमत परभणीतच होतं. घरी एक भाषा आणि फळ्यावर दुसरी, हा अनुभव आपल्याकडच्या निजामकाळातल्या, 1948पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी अंगावर काढलेला आहे. त्या पिढीतल्या कित्येकांची उर्दू अक्षरं शेवटपर्यंत मराठीपेक्षा सुबक येत. म्हणून मुलाच्या घरच्या बोलण्याचा आणि शाळेच्या भाषेचा मेळ बसला नाही तर काय होतं, हे मराठवाड्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

1961 साली या विवेक वर्धिनीच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला एक अमेरिकन तरुणी आली. मॅक्सीन बर्नसन तिचं नाव. जन्म 1935चा, मिशिगन राज्यातला. घराणं नॉर्वेहून अमेरिकेत स्थिरावलेलं. दोन वर्षं ती हैदराबादेत राहिली. आजूबाजूला मराठी माणसं होती, त्यांच्यात वावरताना ती मराठी शिकली आणि अमेरिकेला परत गेल्यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भाषाशास्त्राच्या अभ्यासाला बसली. मराठीसाठी ते विद्यापीठ तेव्हा फार चांगलं ठिकाण होतं. फ्रँकलिन साउथवर्थ आणि नरेश कवडी यांचं बोलक्या मराठीचं पाठ्यपुस्तक त्याच सुमारास तिथूनच निघालं होतं.

पीएच.डी.च्या अभ्यासासाठी त्या 1966 मध्ये फलटणला आल्या. फलटण म्हणजे नाईक निंबाळकरांच्या जुन्या संस्थानाची राजधानी, महानुभावांचं मोठं क्षेत्र, ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम. गाव लहान, पण बोलण्याच्या तऱ्हा किती तरी. एकाच गावात कोण कसं बोलतं, आणि जातीप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे ते बोलणं कसं बदलतं, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. 'द स्पीच ऑफ फलटण' हा तो प्रबंध 1973 मध्ये पुरा झाला.

त्या दशकात अमेरिकेतही याच प्रश्नावर घुसळण चालू होती. विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्क शहरातल्या बोलण्याचा सामाजिक उतरंडीच्या अंगाने केलेला अभ्यास 1966 मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या मुलांना 'भाषाच नाही' असं शाळा म्हणत होत्या. त्या मुलांचं बोलणं नियमबद्ध आहे, तर्काला पुरं पडतं, आणि दोष आहे तो परीक्षा घेणाऱ्यांच्या पद्धतीत, असं लबॉव्ह यांनी 1969 मध्ये साधार मांडलं. आपल्याकडे 'अशुद्ध बोलतो' हा शेरा तेव्हा सर्रास होता आणि आजही तो गेलेला नाही. जिंतूर-परभणीकडचं मूल 'मी शाळेत जायलो' म्हणतं तेव्हा त्याचं व्याकरण पक्कं असतं. पुस्तकात 'जात आहे' छापलेलं असतं, एवढाच काय तो फरक. या फरकाचा काच मुलाला पहिल्या दिवसापासून लागतो.

प्रबंध झाला की अभ्यासक आपल्या देशी परततो आणि ज्या गावाने माहिती दिली ते गाव तळटिपेत उरतं, अशी एक रीत आहे. मॅक्सीनबाईंनी ती मोडली. त्या फलटणलाच राहिल्या आणि 1978 मध्ये भारतीय नागरिक झाल्या. गावात त्या 'मॅक्सीन मावशी' झाल्या. दरम्यान जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी परभाषकांना मराठी शिकवणारा एक पूर्ण संचच तयार केला: मराठीचं संदर्भ-व्याकरण, मराठी-इंग्रजी शब्दकोश, मधल्या आणि वरच्या पायरीची वाचनपुस्तकं. जाईताई म्हणजे इरावती कर्वे यांच्या कन्या आणि स्वतः लेखिका. ही पुस्तकं 1975च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून बाहेर पडली आणि परदेशातल्या मराठीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यांवर शिकल्या. पुण्यात येणाऱ्या अमेरिकन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मराठी शिकवण्याचं कामही बाईंनी कित्येक वर्षं केलं. हा तपशील मी मुद्दाम नोंदवतो आहे. मराठी येत नसलेल्या प्रौढाला ती पायरीपायरीने कशी शिकवायची, कोणतं वाक्य आधी आणि कोणतं नंतर, कोणता शब्द किती वेळा समोर यायला हवा, हे गणित त्यांच्या हाती पक्कं बसलं होतं. पुढे लहान मुलांसाठी ते कामाला आलं.

फलटणच्या दलित वस्तीतली काही मुलं शाळेतून बाहेर पडलेली होती. पटावर नाव होतं, काही वर्षं वर्गात बसूनही झालं होतं, पण वाचता येत नव्हतं. 1978 मध्ये मॅक्सीनबाईंनी त्यांच्यासाठी वर्ग सुरू केले, तीच 'आपली शाळा'. संस्थेचं मूळ त्या वर्गांत आहे. भाषेचा अभ्यास करणाऱ्या बाईंसमोर आता तेच प्रश्न वेगळ्या रूपात आले: हे मूल घरी अखंड बोलतं, गोष्ट सांगतं, भांडतं, चेष्टा करतं, मग पुस्तकापाशीच ते का अडतं?

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जी पद्धत तयार झाली ती 'प्रगत वाचन पद्धत'. तिच्याविषयी थोडं विस्ताराने सांगतो, कारण संस्थेच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा ऐवज तोच आहे.

आपल्या लिपीत तीसपेक्षा जास्त व्यंजनं. प्रत्येकाला बाराखडी लावली की चारशेच्या आसपास अक्षरं होतात, आणि जोडाक्षरं त्यानंतर. जुनी रीत अशी की आधी सगळी मुळाक्षरं घोटून घ्यायची, मग काना, मग मात्रा-वेलांटी-उकार, मग जोडाक्षरं. या क्रमाने जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला बराच काळ बिनकान्यामात्रेचे शब्दच येतात. तसे शब्द थोडे, आणि त्यांची वाक्यं ओढूनताणून केलेली. मूल पहिलीचं वर्ष 'वाचतं', पण वाचून काही कळलं, हसू आलं, पुढे काय झालं असं वाटलं, हे त्या वर्षात घडत नाही. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, आई रात्री वाचून दाखवते, त्या मुलाचं यावाचून फारसं अडत नाही. ज्याच्या घरी छापील कागद म्हणजे किराणा बांधून आलेलं वर्तमानपत्र, त्याचं सगळंच अडतं.

प्रगत पद्धतीत अक्षरांचे लहान गट केले जातात आणि काना-मात्रा अगदी सुरुवातीपासून बरोबर घेतल्या जातात. उदाहरणापुरतं पाहा: क, न, म, ल आणि काना एवढंच घेतलं तरी काका, मामा, नाना, कान, नाक, मान, काम, लाल असे मुलाच्या रोजच्या तोंडातले शब्द हाती येतात. 'काकाला काम' एवढं मूल स्वतः वाचतं तेव्हा त्याला दोन गोष्टी एकदम समजतात: ही खूण म्हणजे हा आवाज, आणि या आवाजांना अर्थ आहे. पहिला गट पक्का झाल्याशिवाय दुसरा येत नाही. ज्या शब्दांत न शिकलेलं अक्षर आहे ते मुलापुढे वाचायला ठेवले जात नाहीत. दिसायला हे सोपं; पण प्रत्येक टप्प्याला पुरेसे शब्द, पुरेशी वाक्यं, अर्थाचे छोटे उतारे तयार करणं हे भाषा जाणणाऱ्याचंच काम.

त्याच्याबरोबरीने मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या, त्यांच्याशी भरपूर बोलायचं, त्यांना बोलू द्यायचं, आणि लिहूही द्यायचं. फळ्यावरचं उतरवून घेणं म्हणजे लिहिणं असं संस्थेने मानलं नाही. मुलाने आपल्या मनातलं, आपल्या बोलीत, येईल त्या अक्षरांत लिहावं. त्यातल्या चुका शिक्षकाला मुलाचं डोकं कसं चालतं ते दाखवतात. ज्या मुलाने 'पानी' लिहिलं त्याला आवाज आणि अक्षर यांची सांगड कळली आहे. त्यावर लाल शाई चालवण्याची घाई करण्याची गरज नाही.

वाचनाच्या अभ्यासकांमध्ये 1986पासून एक साधं सूत्र रूढ आहे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी ते मांडलं: वाचन म्हणजे अक्षरांचा उलगडा गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर फळ शून्य. अक्षरांचे गट आणि गोष्टींची रेलचेल या दोन गोष्टी फलटणच्या वर्गात शेजारी शेजारी का आहेत, ते या सूत्रावरून ध्यानात येतं. मला मात्र जास्त मोलाचं हे वाटतं की फलटणला हे सूत्र लेखातून आलं नाही, वस्तीतल्या मुलांबरोबर बसून आलं.

1986 मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. नाव ज्यांचं, त्याही अमेरिकेतच जन्मलेल्या. एलिझाबेथ लंडी हे त्यांचं माहेरचं नाव. विष्णुपंत निंबकरांशी विवाह करून त्या इथल्या झाल्या, व्यवसायोपचाराचं शिक्षण फिलाडेल्फियात घेऊन आल्या आणि 1950 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचं भारतातलं पहिलं प्रशिक्षण विद्यालय उभं केलं. हात, पाय, बुद्धी किंवा वाचा यांत उणीव असलेल्या माणसाला रोजच्या जगण्यात उभं करणारं हे शास्त्र आपल्या देशात त्यांच्या हातून आलं. भाषेसाठी झटणाऱ्या शाळेला त्यांचं नाव मिळालं हे फार योग्य झालं.

बालभवनात गावातल्या सगळ्या थरांतली मुलं एका बाकावर यावीत हा आग्रह पहिल्यापासून होता. सुशिक्षित घरातल्या पालकांनी मुलाला इंग्रजी शाळेत न घालता इथे घालावं यासाठी शाळेला स्वतःची गुणवत्ता सिद्ध करावी लागली. डॉ. मंजिरी निंबकर यांनी पुढे शाळेची आणि संस्थेच्या कामाची धुरा सांभाळली. शाळेचं ग्रंथालय, मुलांचं लेखन, शिक्षकांचं रोजचं वाचन या गोष्टी तिथे शोभेच्या नाहीत. शाळा चालवणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या आयुष्यात येणाऱ्या इमारत, अनुदान, मान्यता यांच्या अडचणी याही संस्थेला आल्या. त्यांचा पाढा इथे वाचत नाही.

एका गावातल्या शाळेत जमलं म्हणजे सगळीकडे जमेल का, हा प्रश्न संस्थेने स्वतःलाच विचारला. मॅक्सीनबाईंनी पश्चिम महाराष्ट्रातल्या तिसरीच्या मुलांना किती वाचता-लिहिता येतं याची पाहणी केली. तिचं नावच बोलकं आहे: 'कोलॅप्स ॲट द फाउंडेशन', पायाच ढासळलेला. महाराष्ट्रातला शिक्षणाने पुढारलेला समजला जाणारा भाग तो, आणि तिथली ही अवस्था. 2005पासून मुलांच्या वाचनाची पाहणी करणारे 'असर'चे अहवाल देशभराची तीच कथा सांगू लागले. पण अहवाल मूल वाचू शकत नाही एवढं सांगतो; ते नेमकं कुठल्या पायरीवर थांबलं आहे हे पाहायला भाषेचा जाणकार शेजारी बसावा लागतो. संस्थेने भाषा, साक्षरता आणि संवाद यांसाठी स्वतंत्र केंद्र काढलं, जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या शिक्षकांबरोबर काम सुरू केलं, आणि पद्धत फलटणच्या वेशीबाहेर गेली.

संशोधनाच्या पुढच्या टप्प्यावर वाड्याच्या 'क्वेस्ट' संस्थेचं नाव घ्यावं लागेल. नीलेश निमकर यांनी 2007 मध्ये तिची स्थापना केली. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांपासून आश्रमशाळांतल्या मागे पडलेल्या मोठ्या मुलांपर्यंत तिचं काम आहे. भारतीय भाषांतल्या साक्षरतेचा 'लिरिल' नावाने ओळखला जाणारा दीर्घ अभ्यास 2011 मध्ये आखला गेला. शैलजा मेनन त्याच्या प्रमुख. मराठीसाठी 'क्वेस्ट'चाच वाडा तालुका, कन्नडसाठी यादगीर. यादगीर म्हणजे पुन्हा निजामाच्याच राज्यातला मुलूख, आपल्यासारखाच कोरडवाहू आणि आपल्यासारखाच सरहद्दीवरच्या भाषांचा. तीन वर्षं तीच मुलं, पहिलीपासून तिसरीपर्यंत पाहिली गेली. अहवाल 2017 मध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि टाटा ट्रस्ट यांच्या वतीने आला. तिसरीच्या अखेरीलाही खूप मुलं साधा उतारा वाचू शकत नव्हती. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरं घोटण्यात आणि फळ्यावरचं उतरवण्यात जात होता. अर्थासाठी वाचणं आणि स्वतःचं लिहिणं नावापुरतं होतं. आणि मुलाची घरची भाषा वर्गात जवळजवळ ऐकूच येत नव्हती. फलटणने वस्तीतल्या वर्गात जे पाहिलं होतं त्याला आता दोन राज्यांतला, दोन भाषांतला पुरावा मिळाला. मॅक्सीनबाई पुढे हैदराबादला टाटा समाज विज्ञान संस्थेशी जोडल्या गेल्या, आणि तिथेही त्यांचा विषय लहान मुलांची भाषा आणि वाचन हाच राहिला.

इथवरचा इतिहास वाचून कुणाचा समज होईल की घरची भाषा वेगळी असणं हीच एक अडचण आहे, आणि पद्धत बदलली की सगळी मुलं वाचू लागतील. तसं नाही. प्रत्येक वर्गात एखाद-दुसरं मूल असं असतं की घरच्या भाषेतही त्याला शब्द सापडत नाहीत, लांब वाक्य धरता येत नाही, ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगता येत नाही. कान ठीक असतात, बुद्धी ठीक असते, तरी भाषा जड जाते. इंग्लंडच्या सरे परगण्यात कोर्टनी नॉर्बरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांपैकी सुमारे 7.5 टक्के मुलं अशी आढळली, म्हणजे तीसच्या वर्गात दोन. या अवस्थेला वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी नावं होती, म्हणून डॉरोथी बिशप यांनी इंग्रजी भाषक देशांतल्या तज्ज्ञांना एकत्र आणून 2016-17 मध्ये एकच नाव ठरवलं: विकासात्मक भाषा विकार. त्याच सुमाराला, 2015 ते 2019, न्यूकॅसलचे जेम्स लॉ यांच्या पुढाकाराने युरोपातल्या तीसहून अधिक देशांचं एक जाळं उभं राहिलं. अशा मुलांना कोण मदत करतं, घरात की शाळेत की दवाखान्यात, कोणत्या उपायाला पुरावा आहे आणि कोणता केवळ सवयीने चालला आहे, याची देशोदेशीची माहिती त्यांनी एकत्र केली. 2019 मध्ये त्यावर पुस्तक आलं. त्याच्या संपादकांपैकी एलिन थॉर्डार्डॉटिर यांचं बरंचसं काम दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांविषयी आहे. दोन भाषा ऐकल्याने मुलाला विकार जडत नाही; विकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो; म्हणून एकाच भाषेत तपासून निदान करू नये, हा त्या क्षेत्रातला आता सर्वमान्य नियम आहे.

फलटणच्या कामाचं महत्त्व मला इथे सर्वांत जास्त जाणवतं. इंग्लंडमधल्या तज्ज्ञांकडे इंग्रजी मूल कोणत्या वयात काय बोलतं याचे तक्ते आहेत. मराठीत, आणि मराठीच्या बोलींत, मूल कसं बोलतं आणि कसं वाचायला शिकतं, याचा अभ्यास करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतल्या एकीने आपला प्रबंध बोलीवर लिहिला आणि उरलेलं आयुष्य त्याच बोलीतल्या मुलांना वाचायला शिकवण्यात घातलं. परदेशी सहकार्य म्हणजे तिकडून आलेली चाचणी भाषांतर करून इथे वापरणं, असा अर्थ आपल्याकडे फार लवकर घेतला जातो. तो अर्थ मुलाच्या हिताचा नाही. चाचणीतले शब्द, चित्रं, वाक्यं सगळी इथल्या मुलाच्या तोंडून वेचली जायला हवीत, आणि ते काम गावात राहूनच होतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. जिंतूर, गंगाखेड भागातल्या बंजारा तांड्यांवर मूल गोरमाटी बोलत वाढतं आणि सहाव्या वर्षी त्याच्यापुढे मराठीचं पुस्तक येतं. परभणी, पाथरीत उर्दूभाषक घरांतली कित्येक मुलं मराठी शाळेत आहेत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुलं दिवाळीच्या सुमाराला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांच्या वर्षाचा मधला भाग शाळेला दिसतच नाही. या तिन्ही प्रकारच्या मुलांना आणि खरा भाषा विकार असलेल्या मुलाला वर्गात एकच शब्द लावला जातो: कच्चं. पहिल्या दोघांना त्यांच्या भाषेतून मराठीकडे नेणारी शिक्षिका हवी, तिसऱ्याला निसटलेल्या महिन्यांची भरपाई हवी, आणि विकार असलेल्या मुलाला वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ हवा. चौघांना एका रांगेत बसवून तीच बाराखडी पुन्हा घोटून घेतल्याने कुणाचंच भलं होत नाही.

सरकारी योजना आणि कायदा इथे अर्धवट मदतीला येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला सुरू झाला, आणि ज्या तीस अवस्थांसाठी मुलांची तपासणी व्हायची त्यांत भाषेचा उशीर आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले. त्यांत 'वाचा आणि भाषा दिव्यांगत्व' आहे, पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकणं किंवा मेंदूच्या आघाताने वाणी जाणं अशा शारीरिक कारणांच्या कायमच्या अवस्थेपुरती आहे. ज्याचा कान, मेंदू, गळा तपासून काहीच सापडत नाही आणि तरी भाषा येत नाही, असं मूल या व्याख्येत बसत नाही. अध्ययन अक्षमतेच्या रकान्यात ते कधी कधी बसतं, तेही वाचनात नापास व्हायला लागल्यावर, म्हणजे तीन-चार मोलाची वर्षं गेल्यावर. कायद्यातली ही फट बुजवायला हवी, आणि ती मागणी मराठवाड्यातल्या शिक्षकांनी उचलायला हवी असं माझं ठाम मत आहे.

तज्ज्ञांकडे जायचं तर वाट लांबची आहे. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 9 ऑगस्ट 1983 रोजी सुरू झाली; वाचा आणि श्रवण यांसाठीची ती देशातली एक प्रमुख संस्था. अली यावर जंग हैदराबादचे, उस्मानियाचे कुलगुरू, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. या संस्थेचं एक प्रादेशिक केंद्र सिकंदराबादला आहे, आणि परभणी जंक्शनवरून सिकंदराबादची थेट गाडी मिळते. आपल्या कित्येक पालकांना मुंबईपेक्षा ते केंद्र जवळचं पडेल, पण ते तिथे आहे हे शाळेतून त्यांना कुणी सांगत नाही.

तिकीट काढण्याआधी करायच्या गोष्टी शाळेतच आहेत, आणि त्या फलटणच्या वर्गांत बसून शिकता येतात. मूल कच्चं आहे असं लिहिण्याआधी त्याच्या आईशी, तिच्या भाषेत, बोलावं. पहिला शब्द कधी आला, भावंडांत खेळताना हा बोलतो का, सांगितलेलं काम समजतं का, हाक मारली की वळतो का, हे तिला विचारावं. कान तपासून घ्यावेत. तांड्यावरची एखादी मोठी मुलगी किंवा अंगणवाडीची ताई बरोबर घेऊन गोरमाटीत त्याला एक गोष्ट सांगावी आणि ती त्याच्याकडून परत ऐकावी. ती त्याने रंगवून सांगितली, तर त्याचा अडसर अक्षरांशी आणि मराठीशी आहे; मग पहिला अक्षरगट घेऊन बसावं आणि त्याला त्याच्या बोलीत लिहू द्यावं. घरच्या भाषेतही गोष्ट तुटत असेल, नावं आठवत नसतील, दोनच शब्दांवर वाक्य संपत असेल, तर त्या दिवशीच आईच्या हाती चिठ्ठी द्यावी आणि सिकंदराबादच्या केंद्राचा पत्ता तिला समजावून सांगावा.